पद्मिनीच्या गंजलेल्या रिम: राखायच्या कोणत्या, मोडीत काढायच्या कोणत्या

वडिलांची प्रीमियर पद्मिनी तीन पावसाळे गुहागरच्या घरी, पडवीलगतच्या शेडमध्ये उभी होती. चौथ्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा चारही टायर चपटे होऊन जमिनीला टेकले होते आणि व्हील कपांच्या, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या झाकणांच्या, कडेनं तपकिरी ओघळ उतरले होते. गावातला पंक्चरवाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "दादा, रिम गेल्या. बदलून टाका." पुण्यातल्या ओळखीच्या मेकॅनिकला फोटो पाठवले, तर त्याचं नेमकं उलट: "काही नाही हो, घासून रंग मारा, झालं." दोघांपैकी एकानंही चाक उतरवून पाहिलं नव्हतं. पुढचे सहा महिने मी त्या पाच रिमांमागे घालवले, स्टेपनी धरून. तीन राहिल्या, दोन मोडीत गेल्या. आणि ज्या दोन गेल्या, त्यातली एक बाहेरून सगळ्यात चांगली दिसत होती.

गाडीच्या रिमसाठी एवढा आटापिटा कशाला, असं वाटू शकतं. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट बनू लागली, सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं आणि शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. कारखान्यातून नवी रिम आता मिळायची नाही. जी आहे ती जुन्या गाड्यांवरची, भंगारात निघालेली किंवा कुणीतरी माळ्यावर जपून ठेवलेली. त्यामुळे वाचण्यासारखी रिम फेकून देणं ही हानी आहे. पण न वाचणारी रिम रंगवून गाडीला लावणं हा जिवाशी खेळ आहे. या दोघींतला फरक कसा ओळखायचा, तो कळायला आधी गंज कसा धरतो हे समजून घ्यावं लागतं.

लोखंड गंजतं तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर एक छोटीशी बॅटरी चालू झालेली असते. एका जागी लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडतं, दुसऱ्या जागी पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते इलेक्ट्रॉन घेतात. दोन्ही जागांना जोडणारी तार म्हणजे लोखंड स्वतःच, आणि सर्किट पूर्ण करतो तो वरचा ओलावा. साध्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, खारट पाण्यातून सहज वाहते, म्हणून मिठानं गंज जोरात वाढतो. त्यात मिठाची आणखी एक खोड आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ आपोआप ओलं होतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. कोकणात रिमवर बसलेला खाऱ्या वाऱ्याचा थर हेच करतो. पाऊस पडायची गरज नाही, शेडमध्ये कोरड्या जागी उभी असलेली गाडीसुद्धा रात्रभर ओली राहते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सहज न पटणारी गोष्ट. जिथं ऑक्सिजन भरपूर मिळतो तिथं लोखंड जास्त झिजेल असं वाटतं ना? होतं उलट. एकाच ओल्या पत्र्याचा काही भाग उघडा आणि काही भाग झाकलेला असेल, तर विरघळण्याचं काम झाकलेल्या, कमी ऑक्सिजनच्या जागी चालतं. चिखलाच्या पोपड्याखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, टायरच्या रबराखाली. उघड्यावरचा लाल थर डोळ्यात भरतो, पण धातू खाल्ला जातो तो आडोशाला. चाकाइतके आडोसे गाडीच्या दुसऱ्या कुठल्या भागाला क्वचितच असतील.

पोलादी चाक दोन तुकड्यांचं असतं. टायर बसतो ते बाहेरचं कडं, आणि हबला (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो फिरता भाग) बोल्टनं आवळली जाते ती मधली ताटली. दोन्ही एकमेकांत बसवून वेल्डिंग केलेलं असतं. जिथं ताटली कड्यात शिरते, तिथं पूर्ण गोलाई फिरणारी केसासारखी बारीक फट राहते. त्या फटीत पाणी शिरलं की बाहेर यायला मार्ग नसतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आत तयार झालेला गंज पाचर मारल्यासारखा दोन्ही पत्रे एकमेकांपासून रेटत राहतो. या सांध्यालगत रंग फुगलेला दिसला, किंवा तिथून तपकिरी ओघळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती रिम आधी बाजूला काढा आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त संशयानं बघा.

तपासणी टायर उतरवल्याशिवाय होत नाही. "नुसतं वरून बघून सांगतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. टायर उतरल्यावर मी प्रत्येक रिमवर खडूनं क्रमांक घातला, तारेच्या ब्रशनं सैल पापुद्रे झाडले आणि एका टोकदार हातोडीनं सगळीकडे हलकेच ठोकत गेलो. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, हातोडी उसळते. खाल्लेल्या पत्र्याचा आवाज बसका येतो आणि टोक रुतल्यासारखं वाटतं. ज्यानं आयुष्यभर पत्र्याचं काम केलं आहे त्याच्या हाताला हे लगेच कळतं, आपल्याला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यानंतर जाडी. जुन्या मोटारींच्या रिमचा पत्रा साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा असतो. नेमका आकडा शोधत बसण्यापेक्षा आपल्याच स्टेपनीला माप माना. डिकीत बंद राहिल्यामुळे ती बहुधा सगळ्यात कमी खाल्लेली असते. स्टेपनीच्या चांगल्या जागेची जाडी घ्या आणि बाकीच्यांची त्याच जागेची जाडी तिच्याशी ताडून बघा. मोठ्या वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिक जाडीमापक असतो, तो एका बाजूनं टेकवला की पुरे. (स्टेपनीचा दुसरा उपयोग असा की तिच्यावर मूळ रुपेरी रंग बऱ्याचदा शाबूत सापडतो. नवा रंग त्याला जुळवून घेता येतो.)

बोल्टची भोकं मात्र जाडीमापकानं कळत नाहीत, आणि चाक तुटायची सुरुवात बहुधा तिथूनच होते. भोकाभोवती उतरती, शंकूसारखी बैठक असते. बोल्टचा उतार तिच्यात घट्ट बसतो म्हणून चाक मध्यावर राहतं. कधीतरी बोल्ट ढिले राहून गाडी चालली असेल तर भोक अंडाकृती होतं. गंजानं बैठक खरबरीत झाली असेल तर बोल्ट आवळताना घट्ट वाटतो, पण शंभर किलोमीटरनंतर खालचा चुरा दबतो आणि बोल्ट सैल पडतो. अंडाकृती भोकाची रिम गेली असं समजा, तिथं दुरुस्ती नाही. खरबरीत बैठकीच्या बाबतीत साफ केल्यावर काय उरतं ते बघून ठरवायचं. आणि तडे? भोकांपासून किरणांसारखे निघणारे बारीक तडे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. त्यासाठी डाय पेनिट्रंट नावाची तपासणी आहे: स्वच्छ पत्र्यावर लाल द्रव फवारायचा, तो तड्यात मुरू द्यायचा, वरचा पुसून काढायचा आणि पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डबे मिळतात, वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे सहसा असतात. माझी बाहेरून सगळ्यात देखणी असलेली रिम इथंच नापास झाली. दोन भोकांमध्ये, व्हील कपाच्या आत, लाल रेघ स्पष्ट उमटली.

तडा वेल्डिंगनं भरून देतो म्हणणारे भेटतील. नको. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताटलीवर उलटसुलट ताण येतो, किलोमीटरमागे पाचशेच्या वर फेरे होतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा पत्रा बदलतो आणि नवा तडा त्याच्या शेजारून निघतो. तसंच टायर बसतो ती कड. तिथं खोल खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करायचा मोह होतो. लांबी चाकाच्या दर्शनी भागावर, शोभेपुरती, चालेल. टायरखाली आणि बोल्टच्या बैठकीत कदापि नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन रिम गेल्यावर मी बाजारातून दोन जुन्या विकत घेतल्या, चकचकीत रुपेरी रंगाच्या, "एकदम ओरिजिनल". घरी आणून एकीचा रंग खरवडला तर आत बोटभर पट्ट्यात लांबी, आणि लांबीखाली पत्र्याला आरपार भोक. तेव्हापासून रंगवलेली जुनी रिम मी घेत नाही. गंजलेली, जशी आहे तशी दाखवा, असं सांगतो. गंज खरं बोलतो, ताजा रंग काहीही लपवतो.

साफ करण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण सांध्याची फट डोक्यात ठेवली की निवड सोपी होते. आम्ल वापरणारी कुठलीही पद्धत फटीत आम्ल सोडून जाते आणि ते सहा महिन्यांनी रंगाखालून बाहेर येतं. तांब्याची भांडी चिंचेनं किंवा कोकमानं उजळतात तेच तत्त्व सायट्रिक अ‍ॅसिडचं, आणि बोल्ट किंवा जॅकच्या सुट्या भागांसाठी ते उत्तम आहे. पूर्ण रिम मात्र आम्लात बुडवू नये असं माझं मत. मी विजेची पद्धत वापरली. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी, दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. खायचा सोडा नाही, आणि मीठ तर मुळीच नाही, मिठानं क्लोरीन वायू निघतो. रिम टबात लटकवायची आणि बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार तिला जोडायची. धन तार साध्या लोखंडाच्या पट्टीला, पट्टी रिमला टेकू द्यायची नाही. चार्जर चालू केला की रिमवर बुडबुडे येतात, गंज सैल होतो आणि पट्टी हळूहळू खाल्ली जाते. रात्रभर ठेवल्यावर रिम काळपट होऊन निघते, ब्रश मारला की थर सुटतो. चांगलं लोखंड शाबूत राहतं, हा या पद्धतीचा मोठेपणा.

तीन गोष्टींत चूक करायची नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, तो पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं आणि तारा काढण्याआधी चार्जर बंद करायचा. आणि अ‍ॅल्युमिनियमची वस्तू या सोड्याच्या पाण्यात कधीही घालायची नाही, ती स्वतःच विरघळते.

एवढा वेळ नसेल तर ब्लास्टिंग करून घ्या. दाबाच्या हवेनं बारीक कण मारून गंज उडवतात, तासाभरात काम होतं. कण कसले हे मात्र विचारा. नदीच्या वाळूचा धुरळा फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो आजार त्या कामगाराला होतो, आपल्याला नाही. काचेचे मणी किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरणाऱ्याकडेच जा. ब्लास्टिंग झालेला पत्रा राखाडी आणि अगदी उघडा असतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत तो काही तासांत पुन्हा लालसर होतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो त्याच जागी. मी ब्लास्टिंग केलेली एक रिम रात्रभर तशीच ठेवली होती, सकाळी पुन्हा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घेऊन बसावं लागलं.

गंज बदलणारं जे काळं द्रव बाटलीतून मिळतं, त्याच्याबद्दल खूप गैरसमज आहेत. लोखंडी कढईत आवळे शिजवले की काळे पडतात. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला भेटतं आणि काळा, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई करत, तीही याच मेळामुळे. त्या बाटलीत बहुधा हेच टॅनिक आम्ल असतं किंवा फॉस्फोरिक आम्ल. पृष्ठभागावरच्या पातळ गंजाला ते स्थिर करतं आणि प्रायमरला धरायला थर देतं. पापुद्र्यांच्या जाड गंजात ते तळापर्यंत पोचत नाही. वर काळं दिसतं, आत गंज चालूच. म्हणून ब्रश पोचत नाही अशा कोपऱ्यापुरतं त्याचं काम, साफसफाईला पर्याय म्हणून नाही.

रंगाबाबत सगळ्यात जास्त वाद होतात. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पावडर विजेनं चिकटवून साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवतात. थर कणखर होतो. पण तो एकसंध कवच असतो. कुठं खडा लागून टवका गेला की पाणी कवचाखालून पसरत जातं आणि वरून महिनोन्महिने कळत नाही. शिवाय थर जाड असतो. तो बोल्टच्या बैठकीत आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर बसला तर आवळताना चुरडतो आणि बोल्ट ढिले पडतात. पावडर कोटिंग करणाराच असाल तर त्या दोन्ही जागा झाकून घ्यायला सांगा, दोनदा सांगा. मी स्वतः एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-पॅक (दोन घटक मिसळून लावायचा) रुपेरी रंग निवडला. टवका गेला की लगेच दिसतो, घरी बसून भरता येतो, आणि पद्मिनीच्या मूळ चाकाला जी मऊसर रुपेरी झाक होती ती पावडरीत मला कुठंच मिळाली नाही. रंगाआधी सांध्याच्या फटीत पातळ प्रायमर ओतून रिम हातानं फिरवत राहिलो, तो सगळीकडे झिरपेपर्यंत. एवढी एक गोष्ट जरी केलीत तरी पुढची कित्येक वर्षं वाढतील.

टायर चढवण्याआधी रिम सरळ आहे का तेही बघा. हबवर बसवून, गाडी घोडीवर उचलून हातानं फिरवा आणि कडेजवळ डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं मापक) टेकवा. ते नसेल तर घट्ट बांधलेला स्क्रू ड्रायव्हर आणि कडेमधलं अंतर बघा. एक-दीड मिलिमीटरपर्यंतची लहर चालते. पद्मिनीचा टायर 5.20-14 मापाचा, म्हणजे रुंदी 5.20 इंच आणि रिमचा व्यास 14 इंच, आणि तो ट्यूबवर चालणारा. आजच्या ट्यूबलेस टायरसाठी रिमच्या कडेला टायरला जागेवर रोखणारा उंचवटा लागतो, जुन्या रिमना तो सहसा नसतो. त्यात खाल्लेल्या कडेतून हवा गळते ती वेगळीच. ट्यूब टाका आणि टाकण्याआधी रिमच्या आतून हात फिरवा, बोटाला जे टोचेल ते ट्यूबला टोचणारच. रेडियल टायर घालायचे असतील तर चारही घाला, एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक साधा असं कधी करू नका.

एक इशारा आधीच द्यायला हवा होता. चाक हबला गंजून चिकटलं किंवा बोल्ट निघेना, तर टायरात हवा असताना गॅसची ज्योत लावू देऊ नका. रिम तापली की आतलं रबर जळून वायू होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. गंज सोडवणारं तेल मारा, एक दिवस थांबा, पुन्हा मारा.

बसवताना हबच्या तोंडावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, बोल्टच्या आट्यांवर मात्र काही लावू नका, नाहीतर त्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळा, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. जुन्या रिमवर नवा रंग असताना ही दुसरी आवळणी चुकवायची नाही.

अलॉय चाकांचं गणित वेगळं आहे, ते थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर आणि लाखेखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) अळी चालल्यासारख्या बारीक नागमोडी रेघा दिसतात, त्यांची सुरुवात बहुधा खड्यानं लाख उडालेल्या जागी किंवा चाकाचा तोल साधायला लावलेल्या वजनांच्या क्लिपाखाली होते. भट्टीत जास्त वेळ तापवलं तर त्याची ताकद घटते, म्हणून पावडर कोटिंग करणाऱ्याला चाक अलॉयचं आहे हे सांगणं जरुरीचं. साठच्या दशकातल्या ब्रिटिश मिनीवरची काही मिनिलाइट चाकं तर मॅग्नेशियमची आहेत, कुणाकडे असतील तर ती गॅरेजच्या हाती न देता धातूची तपासणी करणाऱ्यांकडे न्या.

आता गाडी गुहागरहून पुण्याला आणली आहे, पण वर्षातून दोनदा जाणं होतं. महामार्गावर मासळीच्या ट्रकांतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर सांडलेलं असतं, ते चाकांवर उडतं. घरी पोचलो की पाइपनं गोड्या पाण्यानं चाकं आतून-बाहेरून धुतो. व्हील कप काढून ठेवतो, कारण त्यांच्या आड पाणी साठतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चाकं जमिनीवरून उचलून ठेवतो. शेणानं सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीतली ओल रबराच्या कडेनं रिमपर्यंत चढते.

नापास झालेल्या दोन मूळ रिम आणि लांबी भरलेली ती तिसरी, तिन्ही बरेच दिवस जिन्याखाली पडून होत्या. भंगारवाल्याला देण्याआधी ग्राइंडरनं त्यांच्या कडा आरपार कापल्या, प्रत्येकी दोन जागी. लांबी आणि रुपेरी रंग घेऊन त्यांपैकी एकही पुन्हा कुणाच्या पद्मिनीखाली जाऊ नये म्हणून.